दादाच्या बॅगेत काय भरायचं

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

दादा डिसेंबरात जर्मनीला येतोय म्हटल्यावर तुम्ही आतापासूनच डबे काढून बसला असाल. आधी तूप, पेढे, खवा बाजूला ठेवा. युरोपबाहेरून दुधाचा किंवा मांसाचा पदार्थ बॅगेतून आणता येत नाही, पार्सलनेही नाही. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, भरताची वांगीही नकोत. ताज्या भाजीपाल्याला रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो. त्यातून सूट आहे ती अननस, नारळ, खजूर, ड्युरियन आणि केळीला. बाबा, केळीला! तरी घड पाठवू नका, वेफर्स पाठवा. खोबऱ्याच्या वाट्या विमानतळावरच काढायला लावतात, तेलामुळे पेट घेतात म्हणून. खोबऱ्याचा कीस इथे साध्या दुकानातही मिळतो.

बाकी काळा मसाला अर्धा किलो, भाजीची जाड शेव आणि बिबड्या, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, एवढं बस्स. मसाला दोन पिशव्यांत, नाहीतर दादाचे सगळे कपडे शेवभाजी होतील. बिबड्या पत्र्याच्या डब्यात.

आई, गॅस नाही तर भरीत कसं, असं तू विचारलंस. ओव्हन 230 अंशांवर. वांग्याला तेल लावून चार-पाच ठिकाणी सुरीने टोचायचं. टोचलं नाही तर आत वाफ कोंडून ते फुटतं आणि ओव्हन घासत बसावं लागतं. साधारण 45 मिनिटं, मध्ये एकदा उलटायचं. इथली वांगी काळीजांभळी आणि पाणचट, म्हणून सोलल्यावर गर पंधरा मिनिटं चाळणीत निथळू द्यायचा, मगच ठेचायचा. काड्यांवर भाजल्याचा वास काही येत नाही. कोळशाची धुरी द्यायची सोयच नाही, कारण छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. मिरचीची फोडणी करपली तरी ते बोंबलतं. तेव्हा खिडकी उघडायची, पण स्वयंपाकघराचं दार बंदच ठेवायचं. धूर बाहेरच्या बोळात गेला की अख्खं वसतिगृह खाली उतरतं.

ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, पण जुनं, विरी गेलेलं. थापताना भाकरीच्या कडा चिरतात. वाटीभर पाणी उकळून त्यात वाटीभर पीठ घालायचं, झाकण ठेवायचं, कोमट झाल्यावर मळायचं. कळण्याच्या भाकरीसाठी चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीसकट उडदाचं पीठ. पोळीसाठी मात्र इथलं 405 नंबरचं पीठ घ्यायचं नाही, तो मैदाच. नंबर जितका मोठा तितका कोंडा जास्त.

दुपारचं जेवण विद्यापीठाच्या खानावळीत, तिला मेन्झा म्हणतात. शाकाहारी पदार्थावर खूण असते ती बघायची. दिसायला साधं पुडिंग असलं तरी त्यात जनावराच्या हाडाकातड्याचं जिलेटिन असू शकतं. रविवारी दुकानं बंद, म्हणून दूध-भाजी शनिवारीच आणायची.

मी एकटी जेवते असं समजू नका. सामाईक स्वयंपाकघरात मुलं जमतात, जो तो आपापला पदार्थ घेऊन येतो. वेळ सातची म्हणजे सातचीच, आणि रात्री दहानंतर आवाज बंद. आपण सगळ्यात कूट घालतो, पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याच्या ते जिवावर बेतू शकतं. म्हणून भांड्यापुढे चिठ्ठी आणि वेगळा डाव. पाकिटावर ठळक छापायची सक्ती असलेले असे 14 घटक आहेत, त्यांत तीळ आणि मोहरीसुद्धा. म्हणजे आपली फोडणीही आलीच! शेवभाजी न्यायची तर रस्सा वेगळा, शेव वेगळी. आधी घातली की अर्ध्या तासात पिठलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातील. मग फरक साडेतीनऐवजी साडेचार तासांचा. तुम्ही रात्री नऊला फोन कराल तेव्हा इथे साडेचार, आणि मी वर्गात असेन. रविवारी करा. आणि आई, मसाला या खेपेला जरा कमी तिखट कर, जर्मन मुलंही खातात.

तुमची लेक