बदलापूरचं घर

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, आधी एकच सांगते, एफडी मोडू नका. फॉर्म भरून दिला असेल तर उद्याच्या उद्या जाऊन थांबवा. घर घेतलंय मी, बदलापूरला, भाड्याने. परवा करारावर अंगठाही लावून झाला, म्हणून विचारत नाही, कळवतेय. रागावू नका.

ठाण्यात दीड महिना प्रत्येक रविवार फिरले. वन बीएचकेला २५,००० च्या खाली कोणी बोलेना, वर लाखभर डिपॉझिट, एजंटला एका महिन्याचं भाडं वेगळं. एके ठिकाणी सगळं जमलं होतं, पण एकट्या मुलीला देत नाही म्हणाले. आई, ते मनाला लावून घेऊ नकोस, मीही घेतलं नाही. इथे ८,५०० त हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर आणि लिफ्ट. ठाण्यात तेवढ्यात कॉटबेसिस मिळतं, म्हणजे दुसऱ्यांच्या खोलीत नुसती एक खाट. तुम्ही आलात तर तुम्हाला कुठे ठेवलं असतं मी?

बदलापूर म्हटल्यावर बाबांना महालक्ष्मी एक्सप्रेस आठवणार. २०१९ च्या जुलैत ती वांगणीजवळ पाण्यात अडकली तेव्हा तुम्ही टीव्हीसमोरून हलला नव्हतात. पण उल्हास नदी पश्चिमेला, माझं घर पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. खालच्या किराणावाल्या काकांना खोदून खोदून विचारलं, तेव्हाही नाही आणि २००५ लाही नाही, या गल्लीत पाणी आलं नव्हतं. घरमालक म्हणत होते, अकरा महिन्यांचा तर करार, नोटरी पुरे. मी ऐकलं नाही. आपल्या महाराष्ट्रात नोंदणी करावीच लागते, आणि ताईच्या वेळचं मी विसरलेले नाही.

दादरला सव्वा तास लागतो, पण सकाळची लोकल इथूनच सुटते, बसायला मिळतं. पाणी सहा ते सात, दोन पिंपं भरून ठेवते. ओटा तुझ्या उंचीचा आहे आई, मला वाकावं लागतं. खिडकीतून चंदेरीचा सुळका दिसतो. काल संध्याकाळी त्यावर ढग उतरले, अगदी आपल्या आगाशिवच्या डोंगरावर उतरायचे तसे, आणि बाबा, मी मागे वळून "बाबा, बघा!" म्हणाले. सायकलच्या दांडीवर बसल्यासारखी.

आता ऐका. पाऊस ओसरला की यायचं, दोघांनीही. महालक्ष्मीने या आणि कल्याणलाच उतरा, दादरपर्यंत जाऊ नका. मी पहाटे फलाटावर असेन. आई, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही, गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात काढायचा. बाबा, माळ्यावर चढायचं नाही, म्हणजे नाही. तुम्हाला चढता येत नाही असं नाही, मला इथे झोप लागत नाही म्हणून.

येताना माझी निळी सतरंजी तेवढी आणा. पिठाचा डबा नको, गिरणी खालीच आहे.

तुमची,
छोटी