रानभाज्यांच्या दिवसांत मुली वसतिगृहात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागातर्फे ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात आणि त्यांच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रातही आवर्जून येतात. मात्र त्यांत भाज्यांची नावे आणि गुणधर्म यांचीच चर्चा असते. या भाज्या खाण्याजोग्या करण्याची विद्या ज्यांच्या हातात आहे, त्या वारली, ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायकांकडून ती नातींपर्यंत कशी पोहोचते आणि अलीकडे कुठे अडते, याविषयी क्वचितच वाचायला मिळते.

शेवळ्याचेच पाहा. पहिल्या पावसाबरोबर, पान फुटण्याआधीच जमिनीतून वर येणारा हा कोंब खाजरा असतो, कारण त्यातील कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सूक्ष्म स्फटिक घशाला टोचतात. म्हणून आतला कोणता भाग काढून टाकायचा, काकडं (ही आंबट रानफळे) किती घालायची आणि ती न मिळाल्यास चिंच किंवा बोंडाऱ्याचा पाला कसा वापरायचा, हे माहीत असावे लागते. (शहरातले गिऱ्हाईक जुडी घेते, काकडं विसरते आणि मग विकणाऱ्या बाईला दोष देते.) कडू कंदाचे तंत्र याहून नाजूक आहे. त्याच्या चकत्या राख घालून उकडायच्या, वाहत्या पाण्यात ठेवायच्या आणि कडूपणा पुरेसा उतरला की नाही, हे शेवटी जिभेनेच ठरवायचे. कंद खणताना वेलाकडचा तुकडा पुन्हा खड्ड्यात पुरायचा, हेही त्याच शिकवणीत येते. पाककृतीच्या पुस्तकात यातले फार थोडे मावते. आजीच्या मागे रानात हिंडणाऱ्या आणि चुलीपाशी बसणाऱ्या मुलीलाच ते येते.

परंतु हीच मुलगी जूनच्या मध्यावर आश्रमशाळेत जाते आणि कुळू, लोत, करटोली, चाईचा मोहोर हे सारे येऊन जाईपर्यंत बहुतेक काळ वसतिगृहातच असते. अशा एका शाळेत मी अनेक वर्षे शिकवले आहे. माझ्या वर्गातील मुलींना टाकळा ओळखता येई, पण कडू कंदाचे काय करतात असे विचारले, तर ‘आजीला माहीत’ एवढेच उत्तर मिळे. याचा अर्थ मुलींनी घरी राहावे असा मुळीच नाही. शिक्षणाची किंमत त्यांच्या आयांना आपल्यापेक्षा अधिक कळते.

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, परंतु त्यांच्यासारख्या शाळेत न गेलेल्या जाणकार स्त्रीला नियमानुसार आश्रमशाळेत शिक्षिका म्हणून नेमता येणार नाही. तेव्हा जुलै ते सप्टेंबर या काळात गावातील वयस्क बायकांना योग्य मानधन देऊन आठवड्यातून एकदा वर्ग घेण्यास बोलवावे, मुलींना त्यांच्याबरोबर रानात न्यावे आणि त्यांनी सांगितलेली कृती जैवविविधता कायदा, २००२ नुसार ठेवल्या जाणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातील जैवसंपदा आणि तिच्याविषयीचे ज्ञान यांच्या नोंदवहीत) त्यांच्या नावासह लिहावी, अशी माझी सूचना आहे. येत्या जूनपासून एखाद्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पातील निदान चार-पाच शाळांत हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नसावी. फक्त हा वर्ग आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवू नये, कारण त्या दिवशी या बायका पहाटेच टोपल्या घेऊन निघालेल्या असतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. पालघर