ब्रूस लीच्या मृत्यूपेक्षा त्याचे काम मोठे

महोदय,

स. न. वि. वि.

२० जुलै जवळ आला की ब्रूस लीवर लेख येऊ लागतात आणि त्यातली निम्मी जागा त्याच्या मृत्यूच्या गूढाला जाते. शाप, विषप्रयोग, कुणाचे तरी कारस्थान! १९७३ साली हाँगकाँगमध्ये, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, मेंदूला सूज येऊन तो गेला, हे शवविच्छेदनात स्पष्ट झाले होते. ती सूज कशाने आली यावर डॉक्टर हवा तेवढा वाद घालोत. पण जो माणूस जन्मभर शिकत आणि शिकवत राहिला, त्याच्याविषयी लिहिताना त्याचे शिकवणेच गाळले जाते, याचे फार वाईट वाटते.

हाँगकाँगमध्ये गुरू इप मान यांच्या हाताखाली विंग चुन ही चिनी युद्धकला शिकलेला हा मुलगा १९५९मध्ये अमेरिकेत आला. सिॲटलमध्ये हॉटेलात काम करता करता शिकवू लागला. चिनी गुरू तेव्हा आपली विद्या सहसा समाजाबाहेर देत नसत. ब्रूस लीने मात्र येईल त्याला शिकवले. त्याचे अगदी सुरुवातीचे शिष्य पाहा : जेसी ग्लोव्हर कृष्णवर्णीय, टाकी किमुरा जपानी वंशाचे.

पुढे मुष्टियुद्ध आणि तलवारबाजीतले उपयोगी पडेल ते उचलून त्याने स्वतःची पद्धत घडवली आणि १९६७मध्ये तिला ‘जीत कुन दो’ हे नाव दिले. मग १९७०मध्ये त्याने आपल्या शाळाच बंद केल्या! आपल्या पद्धतीचाही पंथ होईल, शिष्य स्वतः विचार करणे सोडून नुसते गिरवत बसतील, ही त्याची भीती होती. त्याच वर्षी वजन उचलताना पाठीला जबर इजा झाली. लाथ मारणे आता विसरा, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्याने वह्याच्या वह्या लिहून काढल्या आणि तत्त्वज्ञ जे. कृष्णमूर्ती वाचले. १९२९मध्ये स्वतःभोवती उभा राहिलेला संघ विसर्जित करणारे कृष्णमूर्ती त्याला जवळचे वाटले, यात नवल नाही. ‘द बिग बॉस’ हा १९७१चा, म्हणजे या दुखण्यानंतरचा चित्रपट. ज्या लाथांवर प्रेक्षक वेडे झाले, त्या लाथा ही पाठ घेऊन मारलेल्या आहेत.

‘एंटर द ड्रॅगन’ची सुरुवात पुन्हा एकदा नीट पाहावी. समोर हाँगकाँगचा नट, तरुण सॅमो हंग. दोघांच्या हातात बोटे मोकळी राहणारे छोटे हातमोजे. ठोसे, लाथा, पकडी, सगळे एकाच लढतीत आणि शेवटी प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर जखडून हार मानायला लावणे. आजच्या मिश्र मार्शल आर्ट्सची स्पर्धा पाहणाऱ्याला यातले काहीच नवे वाटणार नाही; पण अमेरिकेतली तशी पहिली गाजलेली स्पर्धा झाली १९९३मध्ये, या चित्रपटानंतर २० वर्षांनी. माझ्या मते त्याचा खरा वारसा इथे आहे. पिळदार शरीर आणि नानचाकू (साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांचे शस्त्र) यांची नक्कल कुणीही करू शकतो.

‘द वे ऑफ द ड्रॅगन’ तर त्याने स्वतः लिहिला आणि दिग्दर्शित केला. रोमच्या कलोसियममधल्या द्वंद्वात तो आधी अमेरिकन कराटेपटू चक नॉरिसकडून मार खातो. मग पायांची लय बदलतो, सैल होतो, नाचू लागतो आणि बाजी उलटते. जिंकल्यावर मेलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर त्याचाच पोशाख आणि काळा पट्टा ठेवून गुडघे टेकतो. हरलेल्याचा एवढा मान राखणारा नायक मारधाडीच्या चित्रपटांत क्वचितच दिसतो.

माझी कळकळीची विनंती आहे, की मृत्यूच्या अफवांना पुन्हा जागा देण्याऐवजी आपल्या पुरवणीत एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाकडून सविस्तर लेख लिहून घ्यावा. या दोन लढतींत पाय कसे पडतात, अंतर कसे राखले जाते, पहिला वार कधी थांबवला जातो, हे जाणकाराने चित्रांसह उलगडून सांगितले, तर शिकणाऱ्या मुलामुलींच्या हाती काहीतरी लागेल.

आपला,
एक नियमित वाचक