सुरक्षा कराराचा लगाम मॉस्कोच्या हाती

संपादक महोदय,

मोठी सत्ता प्रादेशिक सुरक्षा संघटनेच्या आडून शेजाऱ्यांना कशी बांधून ठेवते, हे समजून घ्यायचे असेल, तर माजी सोव्हिएत देशांच्या, रशियाप्रणीत ‘सामूहिक सुरक्षा करार संघटने’तील आर्मेनियाचा अनुभव डोळ्यांत अंजन घालणारा आहे.

एका सदस्यावरील हल्ला हा सर्वांवरील हल्ला, असे या कराराचे चौथे कलम सांगते. जानेवारी २०२२ मध्ये इंधन दरवाढीवरून कझाकस्तान पेटले आणि अध्यक्ष तोकायेव यांनी मदत मागताच दुसऱ्याच दिवशी रशियाच्या नेतृत्वाखालील फौजा तेथे पोहोचू लागल्या. हा निर्णय जाहीर केला तो आर्मेनियाचे पंतप्रधान निकोल पाशिनियान यांनी, कारण संघटनेचे फिरते अध्यक्षपद तेव्हा त्यांच्याकडे होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अझरबैजानने आर्मेनियाच्या स्वतःच्या हद्दीतील जेर्मुक शहराच्या परिसरात मारा केल्यावर पाशिनियान यांनी याच कलमाचा आधार घेतला, तेव्हा मात्र फौजेऐवजी पाहणी पथक आले. आर्मेनियन वस्तीचा, पण अझरबैजानचा भाग मानला जाणारा नागोर्नो-काराबाख हा आर्मेनियाचा मान्यताप्राप्त भूभाग नाही, ही सबब त्या प्रदेशावरून झालेल्या २०२० च्या युद्धात पुढे करता आली. जेर्मुकबाबत तीही नव्हती.

युक्रेनमध्ये गुंतलेल्या रशियाला अझरबैजान आणि त्याचा पाठीराखा तुर्कस्तान यांना दुखवायचे नव्हते, हे उघड आहे. पण मग सदस्यांच्या संरक्षणाची हमी मॉस्कोच्या सोयीवर अवलंबून राहते आणि बंधने तेवढी कायम राहतात. सर्व सदस्यांच्या संमतीशिवाय कोणाच्याही भूमीवर परक्या देशाचा लष्करी तळ नको, असे २०११ मध्ये ठरले. म्हणजे मध्य आशियात अमेरिकेला थारा द्यायचा की नाही, यावर रशियाला कायमचा नकाराधिकार मिळाला. अमेरिकेनेही काही वेगळे केले नव्हते: १९५४ च्या ‘सिएटो’त (आग्नेय आशिया करार संघटनेत) पाकिस्तानला सामील करून घेतले, पण १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ती संघटना त्याच्या मदतीला आली नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आर्मेनियाने संघटनेतील सहभाग गोठवल्याचे जाहीर केले. तोवर अझरबैजानने काराबाख ताब्यात घेतल्याने तेथून एक लाखाहून अधिक आर्मेनियन विस्थापित झाले होते. आता तो देश फ्रान्सकडून आणि भारताकडून शस्त्रे घेतो. पुण्याच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत विकसित झालेली ‘पिनाका’ ही रॉकेट प्रक्षेपक प्रणालीही त्यात आहे. त्यामुळे हा विषय आपल्या वाचकांना परका नाही आणि त्याला अधिक जागा मिळावी, अशी विनंती आहे. सहभाग गोठवला तरी आर्मेनियातील ग्युमरी शहराचा रशियन लष्करी तळ हटलेला नाही; २०१० च्या करारानुसार त्याची मुदत २०४४ पर्यंत आहे.

आपला,
एक वाचक, पुणे