सर, बसवल्याबद्दल आभार

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

तुमच्या निरोपसमारंभाला मला येता आलं नाही. पालखी तरडगावच्या वाटेवर होती आणि माझा बंदोबस्त चांदोबाच्या लिंबाला. फोटो ग्रुपवर पाहिले. शाल, श्रीफळ, भलीमोठी फ्रेम आणि त्या सगळ्यात अवघडून बसलेले तुम्ही. भाषणांत म्हणे प्रत्येकाने सांगितलं की सरांनी पोरापोरींना पळवलं, घाम गाळायला लावला, मैदानावर झिजवलं. वाचून हसू आलं. आमच्या बॅचच्या स्प्रिंटच्या पोरींना विचारलं असतं तर त्यांनी वेगळंच सांगितलं असतं. तुम्ही आम्हाला बसवलंत, सर. तेवढ्याचे आभार मानायला हे पत्र. ते उघड लिहितेय, कारण आजही जिल्ह्यात कितीतरी मैदानांवर शंभर मीटरच्या पोरींना पहाटे राउंड मारायला लावतात.

सातारा जिल्ह्यात पळणं म्हणजे लांब पळणं. मिलिटरी भरती, पोलीस भरती, घाटातल्या स्पर्धा. त्यात माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत लांब पळायच्या शर्यतीच्या, फायनलमध्ये पळाली, दहावी आली. मग गावोगावच्या प्रत्येक पोरीच्या बापाला वाटायला लागलं, आपलीही तशीच. अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे. पण जिच्या पायात जन्मतः शंभर मीटर आहेत तिलाही रोज पाच-सात किलोमीटर रेटायला लावायचं, हे कुणी ठरवलं कोण जाणे. मी शाळेत असताना सकाळी क्रॉसकंट्री पळायचे आणि दुपारी शंभर मीटर. दोन्हीकडे बक्षीस मिळायचं, म्हणून कुणाला काही खटकलं नाही. नडगी मात्र कायम ठणकायची.

तुमच्याकडे आले त्या पहिल्या दिवशी तुम्ही साठ मीटर पळायला सांगितलंत. पळाले. वळून लगेच रेषेवर येऊन उभी राहिले, तर तुम्ही घड्याळातून मान वर न करता म्हणालात, “बस.” मला वाटलं, नापास झाले. सहा मिनिटांनी म्हणालात, “ऊठ. पळ.” पुन्हा साठ. पुन्हा, “बस.” असं चार वेळा झालं आणि “जा घरी.” मी हॉस्टेलवर जाऊन मैत्रिणीला सांगितलं, या कॉलेजात खेळाचं काही खरं नाही.

मागचं शास्त्र तुम्ही फार नंतर सांगितलंत, तेही विचारलं म्हणून. पूर्ण वेगाने पळताना स्नायू पहिले काही सेकंद ज्यावर चालतात ते क्रिएटिन फॉस्फेट सहा-आठ सेकंदांत जवळजवळ संपतं आणि पुन्हा भरायला काही मिनिटं लागतात. त्याआधी उठून पळालं तर वेग येत नाही, नुसता दम लागतो. म्हणून तुमचा हिशोब ठरलेला, पूर्ण वेगाने दहा मीटर पळालं की साधारण एक मिनिट विश्रांती. “दमून पळालीस तर दमल्यासारखं पळायची सवय लागते,” हे तुमचं वाक्य मी आता माझंच असल्यासारखं वापरते.

आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मात्र शास्त्र सांगून उपयोग नव्हता. ते एकदा मैदानावर आले, पोरगी अर्धा तास पायरीवर बसलेली पाहिली आणि थेट तुमच्यापुढे उभे राहिले. तुम्ही त्यांना एवढंच विचारलंत, “पाऊस पडल्या पडल्या कुळव घालता का रानात?” दादा म्हणाले, “छे, वाफसा यायला नको का?” “मग?” म्हणालात. दादा तिथेच खाली बसले आणि पुढचा सगळा वेळ तुम्ही दोघं उसाच्या बिलाबद्दल बोलत होतात.

सगळेच दादांसारखे नव्हते. संध्याकाळी फिरायला येणारे काका लोक म्हणायचे, या पोरी काय बसायलाच येतात काय. कॉलेजमधल्याच कुणीतरी जिमखान्याच्या मीटिंगमध्ये विचारलं होतं की या खेळाडूंना हजेरीत सूट कशासाठी द्यायची. तुम्ही आम्हाला यातलं काही कळू दिलं नाहीत. एकट्या माणसाने कबड्डी, खो-खो, क्रिकेटचे संघ सांभाळायचे, टीए-डीएची बिलं काढायची, कॉलेजला श्रेणी देणारी नॅकची समिती येणार म्हणून फायली रंगवायच्या, पावसाळा संपला की स्वतः दोरी धरून फक्कीने लेन मारायच्या आणि वर हे ऐकून घ्यायचं. आता नोकरीत आल्यावर कळतंय.

एक दिवस मी विसरूच शकत नाही. तीस मीटर फ्लाइंग चालू होते, म्हणजे आधी वेग घ्यायचा आणि मधल्या तीस मीटरचीच वेळ लावायची. दुसऱ्याच खेपेला काय झालं ठाऊक नाही, पाय जमिनीला लागतायत असं वाटेना. खांदे सैल, जबडा सैल, सगळं आपोआप. तुम्ही घड्याळ पाहिलंत, वहीत लिहिलंत आणि म्हणालात, “बूट काढ.” मी म्हटलं, “सर, अजून पळते ना, आज होतंय.” तुम्ही म्हणालात, “होतंय म्हणूनच. आज याच्यापेक्षा चांगलं होणार नाही. आता पळालीस तर वाईट होईल आणि तेच लक्षात राहील.” मी रागाने स्पाइक्सच्या लेसला गाठ बसेपर्यंत ओढलं. ती गाठ तुम्हीच खाली बसून, तोंडातली सुपारी एका गालात सरकवून, एक शब्द न बोलता सोडवलीत. आमच्या शाळेतल्या कुठल्या सरांनी पोरीच्या बुटाला हात लावला नसता.

आणि ती वही. लांबुडकी, तपकिरी पुठ्ठ्याची. वेळ, वारा, मैदान ओलं की कोरडं, झोप किती तास. शेवटचा एक रकाना होता, त्याला नाव नव्हतं. त्यात तुमच्या घरच्या काकू खूण करायच्या. पाळीचं तुम्ही आम्हाला कधी विचारलं नाहीत. आम्ही काकूंना सांगायचो, काकू वहीत टिंब द्यायच्या आणि त्या आठवड्याचं वेळापत्रक मुकाट्याने हलकं व्हायचं. मला वॉर्म-अपमध्येच अंधारी यायला लागली तेव्हा काकूच मला रक्त तपासायला घेऊन गेल्या. हिमोग्लोबिन फार कमी निघालं. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यायच्या, हे मला काकूंनी सांगितलं. हॉस्टेलच्या मेसमधला चहा बंद केल्यावर माझा जो जीव गेला तो वेगळा. आभाराचा निम्मा वाटा त्यांचा आहे, हे व्यासपीठावर कुणी बोललं का?

विश्रांतीचा वेळ तुम्ही वायाही घालवू दिला नाहीत. रिलेच्या आम्ही चौघी एकामागे एक पायरीवर बसायचो आणि बॅटन मागून पुढे द्यायचो. मागची “हात!” म्हणाली की पुढचीने मान न वळवता हात मागे न्यायचा. उजव्या हातातून डाव्या हातात, डाव्यातून उजव्यात. मी थर्ड लेग, रिलेतली तिसरी, म्हणजे बॅटन माझ्या उजव्या हातात यायचं, वळणावर लेनच्या आतल्या कडेने पळायचं आणि शेवटचीच्या डाव्या हातात द्यायचं. रिलेत लोक पहिली आणि शेवटची पाहतात. तिसरीला कुणी विचारत नाही. तुम्ही मात्र म्हणायचात की वळण ज्याला पळता येतं त्यालाच पळता येतं, आणि शंभरच्या सरळ रेषेत मी दुसऱ्यांदा मागे पडले त्याच संध्याकाळी मला वळणावर नेलंत. तिथे माझं जमलं. बॅटन ज्या पट्ट्यात बदलायचं तो झोन तीस मीटरचा झाला असला तरी तुम्हाला बॅटन त्याच्या शेवटच्या दहा मीटरमध्येच बदलायला हवं असायचं, दोघी वेगात असताना. पुढची कधी सुटणार याची फक्कीची रेघ तुम्ही पावलं मोजून मारायचात, आणि पाऊस पडला की पुन्हा मारायचात.

पुण्याला बालेवाडीच्या स्टेडियमवर पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटेत एसटीत तुम्ही बजावलं होतं, “हाताच्या घड्याळावर भुलू नका. तिथे फोटोफिनिश आहे, वेळ कॅमेऱ्याने लागते. जिल्ह्याच्या वेळेत शंभराला चोवीस शतांश आत्ताच मिळवून ठेवा, म्हणजे बोर्ड बघून रडायला येणार नाही.” माझे १२.७ तिथे १३.०२ झाले. बाकीच्या कॉलेजच्या पोरी बोर्डाखाली रडत होत्या, आम्ही डबा खात होतो. सिंथेटिकवर पहिल्यांदा पळताना जमीन पायाला परत ढकलते, हे कुणी सांगून कळत नाही. आमच्या मातीच्या मैदानावर ब्लॉक, म्हणजे सुटताना पाय रोवायचे ठोकळे, खिळे ठोकून बसवायचो आणि तरी तिसऱ्या स्टार्टला ते हलायचे.

पी. टी. उषाची गोष्टही तुम्ही त्याच प्रवासात सांगितलीत. १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर हर्डल्स. उषा ५५.४२, कांस्यपदक ५५.४१ ला. ती सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळे ती हळहळत सांगतात. तुम्ही हळहळला नाहीत. एसटी थांबल्यावर आम्हाला उतरवून, चहाच्या टपरीपुढे, शेवटच्या पावलाला छाती कशी पुढे टाकायची ते दाखवलंत. टपरीवाला बघतच राहिला.

आमच्यातली कुणी देशासाठी पळाली नाही, सर. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन रिलेत रौप्य, आणि पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धेत हीट, म्हणजे प्राथमिक फेरीपर्यंतच. त्यापुढे आमची मजल नव्हती आणि तुम्ही ती असल्याचं कधी भासवलं नाहीत. हेही मी आभारात धरते. खोटी आशा दाखवणारे पुष्कळ भेटले.

भरतीच्या वेळी मात्र तुम्हाला तुमच्या मनाविरुद्ध काम करावं लागलं. पोलीस भरतीत आम्हा मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. ८०० म्हटलं की तुमचा चेहरा कडू व्हायचा. तरी वही उघडून माझ्यासाठी वेगळा तक्ता आखलात आणि वर म्हणालात, “हे मी केलं असं कुणाला सांगू नकोस.” आज सांगतेय. चाचणीच्या दिवशी बाकीच्या पोरी पहाटेपासून मैदानाला फेऱ्या मारत होत्या. मी भिंतीच्या सावलीला पाय पसरून बसले होते. एका मॅडमनी येऊन विचारलंसुद्धा, बरं नाही का तुला?

हल्ली ड्युटी नसेल त्या सकाळी मी मैदानावर जाते. भरतीच्या तयारीच्या पोरी येतात, डांबरी रस्त्यावरून पळून नडग्या सुजवलेल्या. त्यांना शंभरसाठी उभं करते आणि मग बसवते. त्या माझ्याकडे अशा बघतात की बास. एकीच्या आईने तर परवा विचारलं, ताई, फी घेता का हो बसायची?

तेव्हा आता कामाचं. ती वही मला झेरॉक्सला हवीय, शेवटच्या रकान्यासकट. पुढच्या सुट्टीला येते, घरी असाल ना? दुसरं, एक पोर आहे, उंच, पाय चांगला पडतो, पण ब्लॉकमधून सुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पावलालाच मान वर काढते आणि सरळ उभी होते. हनुवटी खाली ठेव म्हणून सांगून पाहिलं, तर खांदे आवळते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकलाय, बाजूने काढलेला. बघून कळवा. पहिलं पाऊल फार लांब टाकतेय असं मला वाटतं, पण तुम्ही बघा.

काकूंना नमस्कार. दादांनी गूळ पाठवायला सांगितलंय, येताना आणते.

तुमची,
थर्ड लेग