बॅटरी बदलण्याआधी लोड तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फोनची बॅटरी अचानक लवकर उतरू लागल्यास काय करावे, याबद्दल आपल्या पुरवणीत दहा युक्त्यांचा मजकूर छापून आला होता. त्यातल्या काही बऱ्या आहेत, काही निरुपद्रवी आहेत आणि दोन-तीन चक्क उलट्या आहेत. पण माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. दहाही युक्त्या 'हे करा, ते बंद करा' अशा आहेत. आधी बघा, मोजा, मग हात लावा, असं सांगणारी एकही नाही.

हे खुपण्याचं कारण माझ्या नोकरीत आहे. टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये मी उमेदीची वर्षं काढली. एक्स्चेंज ४८ व्होल्टवर चालतं. दोन-दोन व्होल्टचे २४ शिसे-आम्लाचे सेल ओळीने जोडलेले असतात. त्यातल्या पायलट सेलचं, म्हणजे नमुना म्हणून नेमलेल्या सेलचं, व्होल्टेज आणि हायड्रोमीटरने घेतलेली आम्लाची घनता लॉगबुकात चढवायची, हे आमचं काम. बॅकअप कमी पडला तर साहेब पहिल्यांदा लॉगबुक मागत. 'सेल गेले' असं तोंडाने सांगणाऱ्याला ते दारातूनच परत पाठवत. प्रश्न एकच असायचा: बॅटरीची क्षमता घटली आहे, की तिच्यावरचा लोड, म्हणजे तिच्याकडून ओढली जाणारी वीज, वाढला आहे? क्षमता घटली असेल तर सेल बदला. लोड वाढला असेल तर नवे सेलही तसेच उतरतील.

खिशातल्या फोनलाही हाच प्रश्न विचारायचा असतो, आणि उत्तर देणारं लॉगबुक फोन स्वतःच लिहीत असतो. सेटिंग्जमध्ये 'बॅटरी' उघडली की वापराचा आलेख आणि त्याखाली ॲपची यादी दिसते. कुठल्या ॲपने किती टक्के खाल्ले हे तर तिथे असतंच. त्याहून उपयोगी माहिती म्हणजे ते ॲप स्क्रीनवर किती वेळ होतं आणि मागे, म्हणजे आपण बघत नसताना, किती वेळ चालू होतं. व्हिडिओचं ॲप तासन्‌तास स्क्रीनवर असेल आणि यादीत सर्वांत वर असेल, तर ते चोर नाही, ते आपणच. पण दिवसभरात दोन मिनिटं उघडलेलं ॲप मागे कित्येक तास चालू दिसलं, तर संशयित तुमच्या पुढ्यात उभा आहे.

यादीच्या आधी आलेख बघावा, असं मी म्हणेन. त्याचा उतार बोलतो. रात्री फोन पडून असताना रेघ जवळजवळ आडवी असायला हवी. निरोगी फोन रात्रभरात थोडे टक्केच गमावतो. रात्रीही रेघ घसरगुंडीसारखी उतरत असेल तर काहीतरी जागं आहे: एखादं ॲप, नाहीतर रेडिओ, म्हणजे टॉवरशी बोलणारा फोनचा भाग. याउलट रेघ दिवसभर नीट आहे आणि मग ४० वरून एकदम १० वर कोसळते, किंवा २५ टक्के दिसत असताना कॅमेरा उघडताच फोन बंद पडतो, तर ते लक्षण म्हाताऱ्या सेलचं. टक्क्यांचा आकडा हा मुळात अंदाज असतो. आत किती प्रवाह गेला, बाहेर किती आला हे एक चिप मोजत असते आणि सेलच्या व्होल्टेजशी ताळा घालते. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा किंवा फ्लॅश एकदम जास्त प्रवाह मागतो, व्होल्टेज खाली बसतं आणि फोन मान टाकतो. कडक थंडीतही असंच होतं, पण ऊब मिळाली की तो सेल पुन्हा सावरतो.

सेल म्हातारा होतो तो महिन्यामहिन्यांनी. परवापर्यंत रात्रीपर्यंत पुरणारा फोन आज दुपारीच आडवा होत असेल, तर परवापासून काय बदललं ते आधी शोधायचं.

आमच्या वहिनींचं उदाहरण सांगतो. त्यांचा फोन दुपारपर्यंत रिकामा होऊ लागला. पुरवणीतल्या युक्त्या त्यांनी निष्ठेने पाळल्या: सगळी ॲप दर थोड्या वेळाने सरकवून बंद, ब्लूटूथ बंद, स्क्रीन इतकी अंधारी की अक्षर लागेना. वर बॅटरी वाचवणारं एक ॲपही उतरवून घेतलं होतं. उपयोग शून्य.

"भाऊजी, दोन वर्षं झाली की याला. म्हातारा झाला असेल. नवी बॅटरीच टाकते," त्या म्हणाल्या.

"वहिनी, एका आठवड्यात कोणी म्हातारं होत नाही. हे सुरू कधी झालं?"

"नव्या घरात आल्यापासून."

ॲपच्या यादीत खादाड असं कोणी दिसेना. तेव्हा यादी बदलून सिस्टिमचा खर्च पाहिला, आणि वरच 'मोबाइल नेटवर्क' बसलेलं. फोनमध्ये दोन सिम. एकाची रेंज घरात ठीक होती. दुसऱ्याची एक काडी यायची आणि जायची. त्या दुसऱ्या सिमवर फोन येऊन जमाना झाला होता, पण रेडिओला ते कुठे ठाऊक? तो रात्रंदिवस टॉवर शोधत होता. सेटिंग्जमधून ते सिम बंद केलं, पहिल्या सिमवर वायफाय कॉलिंग (टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून कॉल) सुरू केलं आणि दुसऱ्या सकाळी आलेखातली रात्रीची रेघ आडवी झालेली होती. बॅटरी तीच आहे.

हा मुद्दा युक्त्यांच्या यादीत क्वचितच येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टेलिफोनवाल्याचा जिव्हाळ्याचा विषय, चालवून घ्या. मोबाइल हे फक्त ऐकणारं यंत्र नाही, ते बोलणारंही आहे. ४जी फोन जास्तीत जास्त सुमारे २०० मिलिवॅट शक्तीने प्रक्षेपण करतो, पण एरवी तितकी गरज नसते. टॉवरच त्याला 'जरा हळू', 'जरा मोठ्याने' असं सतत सांगत असतो. टॉवर जवळ असेल तर कुजबुजून भागतं. तळघरात, जाड भिंतींआड किंवा लिफ्टजवळच्या खोलीत ओरडावं लागतं, आणि ते ओरडणं बॅटरीच्या जिवावर होतं. शिवाय कमी रेंजमध्ये डेटा हळू जातो, तुटतो, पुन्हा पाठवावा लागतो. म्हणजे रेडिओ जास्त वेळ जागा राहतो. ५जीची रेंज काठावर असेल तर फोन ५जी-४जी अशा उड्या मारत बसतो. अशा ठिकाणी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ४जी निवडून ठेवलं तर फरक पडतो. आयफोनच्या यादीत तर कव्हरेज नसल्याने झालेला खर्च वेगळा दाखवला जातो. लोक तो वाचून पुढे जातात.

रेडिओवर संशय असेल तर साधी चाचणी आहे. झोपताना टक्के आणि वेळ कागदावर लिहा, फोन एरोप्लेन मोडवर टाका, सकाळी पुन्हा लिहा. दुसऱ्या रात्री हेच एरोप्लेन मोडशिवाय. पहिल्या रात्री नगण्य घट आणि दुसऱ्या रात्री भरमसाट, तर सेल निर्दोष सुटला. दोष नेटवर्कचा, नाहीतर नेटवर्कवरून काहीतरी करत बसलेल्या ॲपचा. गजर एरोप्लेन मोडमध्येही वाजतो. मात्र कॉल येणार नाहीत, तेव्हा घरात कोणी आजारी असेल त्या रात्री हा प्रयोग नको.

नेटवर्कवरून काहीतरी करत बसलेली ॲप म्हणजे कोणती? फोटोंचा बॅकअप हा नेहमीचा आरोपी: एखादा लांबलचक व्हिडिओ वर चढत नाही आणि ॲप पुन्हा पुन्हा तोच ढकलत बसतं. मेलचं जुनं खातं, ज्याचा पासवर्ड बदललाय पण फोनला सांगितलेला नाही, तेही असंच दार वाजवत राहतं. लोकेशनची परवानगी 'नेहमी' अशी दिलेली ॲप तपासावीत. बहुतेकांना 'वापरत असताना' एवढी पुरते. अँड्रॉइडमध्ये ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्याची पार्श्वभूमीवरची धावपळ रोखता येते. पण निरोपांच्या ॲपवर हे करू नका, नाहीतर निरोप उशिरा मिळतील आणि भांडणं होतील. यादीवरून काहीच कळत नसेल तर अँड्रॉइड फोन सेफ मोडमध्ये सुरू करावा. त्यात आपण उतरवलेली ॲप चालत नाहीत. तिथे बॅटरी टिकली तर अलीकडे घेतलेल्या ॲपपासून एकेक काढत जायचं.

आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे सिस्टिमचं अपडेट. अपडेटनंतर फोन फायलींची आणि फोटोंची सूची नव्याने बनवतो, ॲप नव्या सिस्टिमसाठी पुन्हा तयार करतो. त्या काळात तो गरम लागतो आणि बॅटरी उतरते. एक-दोन रात्री चार्जर आणि वायफायला लावून ठेवलं की बहुधा निवळतं. मग ॲपची अपडेटही घ्यावीत, कारण जुनं ॲप नव्या सिस्टिमवर कधीकधी अडखळत राहतं. अपडेटच्या दुसऱ्याच दिवशी बॅटरी बदलायला धावणाऱ्यांना काय म्हणावं?

आता उलट्या युक्त्यांकडे. सगळी ॲप सतत सरकवून बंद करणं ही त्यातली पहिली. मागे गेलेलं ॲप बहुतेक वेळा गोठलेलं असतं. ते मारून पुन्हा शून्यातून उघडायला प्रोसेसरला जास्त कष्ट पडतात. बिघडलेलं एखादं ॲप जरूर बंद करा, पण तो रोजचा परिपाठ नको. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ६.० आवृत्तीपासून 'डोझ' ही सोय आहे: स्क्रीन बंद, चार्जर नाही आणि फोन हलत नाही असं दिसलं की सिस्टिम ॲपची कामं अडवून ठरावीक अंतराने एकत्र उरकते. २०१८ च्या ९ व्या आवृत्तीपासून कमी वापरातल्या ॲपना आणखी मागच्या बाकावर बसवलं जातं. हे काम सिस्टिम करत असताना 'बॅटरी सेव्हर' म्हणून वरून उतरवलेलं ॲप काय करणार? जागं राहणार आणि जाहिराती दाखवणार. वहिनींच्या फोनमधून ते मी पहिल्यांदा काढलं.

डार्क मोडबद्दलही आपल्या मजकुरात फार आशा दाखवली होती. ओएलईडी स्क्रीनवर काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका, इथपर्यंत खरं. पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मोजून दाखवलं की ब्राइटनेस पूर्ण असताना डार्क मोडने ३९ ते ४७ टक्के शक्ती वाचते, आणि घरात असतो तसा ३० ते ५० टक्के ब्राइटनेस असताना सरासरी ३ ते ९ टक्केच. एलसीडी स्क्रीनवर तर मागचा दिवा पेटलेलाच राहतो. ब्राइटनेस ऑटोवर ठेवणं आणि १२० हर्ट्‌झ (म्हणजे स्क्रीनने सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणं) नको असेल तिथे ६० करणं, हे त्यापेक्षा खात्रीचे उपाय.

सर्वांत वाईट युक्ती म्हणजे आठवी: 'बॅटरी आठवड्यातून एकदा पूर्ण शून्यापर्यंत उतरवून मग १०० टक्के चार्ज करा.' हा सल्ला निकेल-कॅडमियम सेलच्या जमान्यातला. सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली १९९१ मध्ये. ती घडवणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळून गेलं. आणि आपण अजून तिला मागच्या पिढीचं पथ्य सांगतो आहोत. लिथियम-आयनला पूर्ण रिकामं होणं मानवत नाही, १०० टक्क्यांवर तासन्‌तास बसणंही मानवत नाही, आणि उष्णता तर अजिबात नाही. म्हणूनच बऱ्याच फोनमध्ये आता ८० टक्क्यांना चार्जिंग थांबवण्याची सोय असते. रात्री चार्जिंगला लावण्याने स्फोट होतो वगैरे भीती नको, फोन आपोआप चार्ज घेणं थांबवतो. पण तो उशीखाली ठेवू नका.

एवढं सगळं पाहूनही लोड सामान्य निघाला, तर मग क्षमतेकडे वळावं. आयफोनमध्ये आणि आता अनेक अँड्रॉइड फोनमध्येही बॅटरीच्या आरोग्याचा आकडा दिसतो. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चक्रांनंतर आणि १५ च्या १००० चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहतील अशा बनवलेल्या आहेत. चक्र म्हणजे चार्जर लावण्याची खेप नव्हे. दोनदा ५० टक्के वापरले की एक चक्र. आकडा ८० च्या खाली गेला असेल तर बॅटरी खुशाल बदला, तो खर्च वाया जात नाही. आणि पाठीचं झाकण उचललं गेलं असेल किंवा स्क्रीन कडेने वर आली असेल, तर कुठलंही मोजमाप करत बसू नका. सेल फुगला आहे. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबू किंवा टोचू नका आणि जाणत्या माणसाकडून बॅटरी काढून घ्या. दहा युक्त्यांत ही एक ओळ नव्हती, याचं मला खरंच आश्चर्य वाटलं.

असा मजकूर पुन्हा छापाल तेव्हा पहिल्या क्रमांकावर बॅटरी-वापराचं पान कसं वाचायचं ते द्यावं, शक्य झाल्यास आलेखाच्या चित्रासह; बाकीच्या नऊ युक्त्यांपैकी कुठली लागू आहे ते वाचक स्वतःच ठरवतील. त्याला वेळ लागणार असेल तर निदान आठव्या युक्तीची दुरुस्ती पुढच्या अंकात करावी. आमच्या घरातच दोघे जण दर रविवारी फोन शून्यावर आणत आहेत आणि माझ्यापेक्षा छापील अक्षरावर त्यांचा विश्वास जास्त आहे.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ