बिजागरीतून आरपार गेलेल्या बारबद्दल

बेळगावच्या उद्यमबागेतले मेस्त्रीमामा यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्रा वाकवायचं फोल्डर आता नीट चालतंय. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "असू दे की" म्हणून परत लेथकडे वळला असता, म्हणून हे उघडं पत्र.

तुमच्याआधी ज्यांनी हेच काम केलं, त्यांनी पैसे मोजून घेतले आणि दोन्ही बिजागऱ्या डोळ्याच्या अंदाजाने चिकटवून दिल्या. पत्रा उचलून वाकवणारं पान अर्ध्यावर अडायचं, डाव्या टोकाला पत्रा काटकोनात आणि उजव्या टोकाला जेमतेम 80 अंश. तक्रार केल्यावर उत्तर मिळालं, "घरी कोण करतंय असलं? तयार मशीन घ्या." दुसऱ्या एका दुकानाने तर ऑर्डर किती नगांची एवढंच विचारलं आणि एक म्हटल्यावर मान फिरवली.

तुम्ही काय केलंत? वेल्डिंगचा होल्डर हातात घ्यायच्या आधी कपाटावरून 12 मि.मी.चा ब्राइट बार (गुळगुळीत, नेमक्या मापाचा गज) काढलात. काचेवर लोळवून खालून उजेड दिसतोय का ते पाहिलंत. बिजागऱ्यांच्या पिना काढून तो एकच बार दोन्ही नळ्यांतून आरपार घातलात आणि मगच वेल्डिंगचे टाके मारलेत. प्रत्येक टाक्यानंतर दोन बोटांनी बार फिरवून बघत होतात. फिरतोय तोवर पुढचा टाका. जड झाला की थांबायचं, कारण लोखंड ओढलं गेलंय. हातोडीने हलकेच सरळ करून, बार पुन्हा सैल फिरू लागला की मगच पुढे. टाक्यांनंतरही एका दमात वेल्डिंगची रेघ ओढली नाहीत. 20 मि.मी. डावीकडे, 20 उजवीकडे, मध्ये गार होऊ द्यायचं. ही दोन बोटं विसरणं शक्य नाही, मामा. सगळं मशीन त्या फिरण्यावर उभं आहे.

पिनेची जागा तुम्ही खडूने आखून दाखवलीत, तेही इथे लिहून ठेवतो; हौशी लोक नेमके तिथेच चुकतात. पिनेचा मध्य बेड (पत्रा ठेवायचा स्थिर भाग) आणि पान जिथे भेटतात त्या कडेवर, वरच्या पृष्ठभागाच्या पातळीत हवा. पिन 2 मि.मी. खाली राहिली, तर 90 अंशांवर पान तेवढंच दाबपट्टीकडे (पत्रा बेडवर दाबून धरणाऱ्या पट्टीकडे) सरकतं आणि पत्रा चेंगरतो. वर राहिली तर तेवढीच फट पडते, घडी गोल येते. म्हणून 16 मि.मी. जाडीच्या नळीसाठी बेड आणि पान या दोन्ही अँगलच्या टोकांना 8-8 मि.मी.ची खाच कापायची. त्यामुळे 600 मि.मी.च्या अँगलवर पत्र्याला मिळते जेमतेम 500 मि.मी. हे आधीच धरून माप काढलेलं बरं.

दाबपट्टीही तुम्हीच सुधारलीत. नुसता 50×50×6 चा अँगल मध्ये उचलला जातो. पत्र्याची टोकं वाकतात, पोट तसंच राहतं. म्हणून अँगलच्या पाठीवर 25×6 ची पट्टी उभी जोडली, मध्ये तरीही उरलेली किंचित ढिलाई थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याने भरली. तो पत्रा साधारण 0.1 मि.मी.चा असतो, त्यामुळे एकेक थर वाढवत जाता येतं. (शिम, म्हणजे फट भरायचा पातळ पत्रा, विकत आणायची गरज नाही, हे ऐकून दुकानदार नाराज होतील.) दाबपट्टीची धार बेडच्या कडेपासून पत्र्याच्या जाडीइतकी मागे: 1 मि.मी. पत्र्याला 1 मि.मी. मागे. आणि साध्या लोखंडी पत्र्याला दोन-तीन अंश जास्त वाकवायचं, सोडला की तो मागे येतो. कडक ॲल्युमिनियम एवढ्या बारीक घडीत तडकतं, त्याला धार आणखी मागे. घडी शक्यतो रोलिंगच्या (पत्रा लाटला गेला त्या) दिशेला आडवी घ्यायची.

शेवटी पत्र्याची 100 मि.मी.ची एक पट्टी कापलीत, मधोमध वाकवलीत, दोन्ही बाजू बाहेरून मोजल्यात. बेरीज आली 101.8. म्हणजे या मशीनवर 1 मि.मी. पत्र्यात प्रत्येक काटकोनी घडीमागे 1.8 वजा. बाहेरून 30-30 ची पट्टी हवी तर 58.2 कापायची. पुस्तकातल्या सूत्रापेक्षा हे पटकन कळतं. पत्र्याची जाडी बदलली की नवी पट्टी, नवा आकडा.

बेळगावात ओतकाम, हायड्रॉलिक, लेथ, कशाचाही कारागीर मिळतो. पण एका नगासाठी, तेही विकायचा नसलेल्या, हातातलं काम बाजूला ठेवणारा माणूस मिळणं ही वेगळी गोष्ट. अशी माणसं पाटी लावत नाहीत. त्यांचा पत्ता एकमेकांना सांगून पुढे जातो.

तुमचा बार तेलाचा हात फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळलाय, पावसात गंज धरायला नको. या आठवड्यात आणून देतो. आणि खडूने लिहिलेला तो 1.8 पुसला जाऊ नये म्हणून बेडच्या बाजूला पंचाने ठोकून घेतलाय.

आपला,
अनगोळचा पत्रेवाला